केशरी झेंडू फोटोत पिवळा का होतो?

दसऱ्याच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो जरा नीट बघा. दारावरच्या तोरणातला झेंडू प्रत्यक्षात गडद केशरी असतो, पण बऱ्याच फोटोंत तो लिंबूपिवळा दिसतो. पाकळ्यांचे थर नाहीसे होऊन फुलाचा नुसता एकरंगी गोळा उरतो. देव्हाऱ्यातलं कुंकू म्हणजे एक सपाट लाल डाग. मग 'या फोनचे रंग चांगले नाहीत', 'व्हाइट बॅलन्स बिघडलाय', 'स्क्रीनच तशी आहे' अशी कारणं पुढे येतात. पण बहुतेक वेळा खरं कारण एकच असतं: एक्स्पोजर जास्त झालेलं असतं. एक्स्पोजर वाढलं की फोटो उजळतो आणि कमी झालं की काळवंडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने रंगच बदलतो, हे मात्र वर्षानुवर्षं फोटो काढणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं, तर पुढचे अनेक गोंधळ आपोआप सुटतात.

एक्स्पोजर म्हणजे किती उजेड आत घेतला

कॅमेऱ्याच्या आत प्रकाश झेलणारी एक चौकोनी चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. त्या सेन्सरवर एकूण किती प्रकाश पडू दिला, ते एक्स्पोजर. ते दोन गोष्टींवर ठरतं. शटर किती वेळ उघडं राहिलं ही एक, आणि लेन्समधलं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं ठेवलं ही दुसरी. आयएसओ ही तिसरी गोष्ट यांच्याबरोबरच शिकवली जाते, पण आयएसओ वाढवल्याने एक कणही जास्त प्रकाश आत येत नाही. जेवढा आला, तेवढ्याचाच आकडा मोठा करून मांडला जातो.

आणखी एक शब्द लागेल: स्टॉप. एक स्टॉप वाढवला म्हणजे प्रकाश दुप्पट, एक स्टॉप घटवला म्हणजे निम्मा. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाऐवजी सव्वाशेव्या भागाइतका वेळ उघडं ठेवलं, की एक स्टॉप वाढला. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. फोनच्या कॅमेऱ्यात सूर्याच्या चिन्हाशेजारी जी पट्टी वर-खाली सरकते, तीही हेच काम करते.

सेन्सरला रंग कळत नाही

सेन्सरवर लाखो, आता तर कोट्यवधी, बारीक घरं असतात. प्रत्येक घर आपल्यावर किती प्रकाश पडला एवढंच मोजतं. तो लाल होता की निळा, हे त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक इवलासा फिल्टर बसवलेला असतो. हिरवे फिल्टर निम्मे, लाल एक चतुर्थांश आणि निळे एक चतुर्थांश, अशी ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. तिचं पेटंट त्यांना १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक फोन-कॅमेरे तीच मांडणी किंवा तिचंच एखादं रूप वापरतात.

पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली तीन सारखी भांडी ठेवली आहेत असं समजा. एकावर लाल पागोळी गळते, एकावर हिरवी, एकावर निळी. ठरावीक वेळाने भांडी उचलून प्रत्येकात किती पाणी साठलं ते मोजायचं. लाल भांड्यात खूप, हिरव्यात त्याहून कमी आणि निळ्यात जेमतेम तळ ओला, असं असेल तर रंग केशरी. लाल आणि हिरवं सारखं भरलं आणि निळं रिकामं, तर पिवळा. तिन्ही सारखी भरली, तर पांढरा किंवा राखाडी.

म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने रंग म्हणजे तीन आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. भांडी दुप्पट वेळ ठेवली तर तिन्हींत दुप्पट पाणी साठतं आणि प्रमाण तेच राहतं. रंग तोच, फक्त उजळ. इथपर्यंत एक्स्पोजरने रंग बदलायचं काहीच कारण नाही.

पण भांड्याला काठ असतो. काठोकाठ भरल्यावर पडणारं पाणी वाहून जातं आणि ते किती वाहून गेलं, हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

झेंडूचा हिशेब

आकड्यांत बघू. भांड्याची क्षमता २५५ धरू, कारण जेपेग फोटोत, म्हणजे फोन-कॅमेरे फोटो साठवतात त्या नेहमीच्या प्रकारात, प्रत्येक रंगाची कमाल तेवढीच असते. (खऱ्या जेपेगमध्ये आकडे आणखी एका गणितातून जातात, पण मुद्दा कळायला हा साधा हिशेब पुरेसा आहे.) नीट एक्स्पोज झालेल्या केशरी झेंडूचे आकडे समजा लाल १२०, हिरवा ४८, निळा ५. लाल हा हिरव्याच्या अडीचपट. हे अडीचपट म्हणजेच त्याचं केशरीपण.

एक स्टॉप वाढवला: २४०, ९६, १०. प्रमाण अजूनही अडीचपट. फूल उजळ झालं, रंग शाबूत.

आणखी एक स्टॉप: लाल ४८० व्हायला हवा होता, पण भांडं २५५ लाच भरलं. हिरव्याला अजून जागा आहे, तो १९२ झाला. निळा २०. आता लाल हिरव्याच्या सव्वापटीपेक्षा जरासा जास्त आहे. केशरी गेला, आंब्यासारखा पिवळा आला.

तिसरा स्टॉप: लाल २५५, हिरवाही २५५, निळा ४०. हा शुद्ध पिवळा. झेंडूची जात बदलली नाही, पण फोटोत तो दुसऱ्याच जातीचा दिसतो. असंच वाढवत गेलं की निळं भांडंही भरत जातं आणि सहाव्या स्टॉपला तिन्ही काठोकाठ, म्हणजे पांढरं.

एक भांडं भरून वाहू लागलं की प्रमाण मोडतं, आणि प्रमाण मोडलं की रंग सरकतो. मावळत्या सूर्याभोवती फोटोत आधी पिवळं आणि मग पांढरं वलय दिसतं, तेही याच गणिताने.

प्रत्यक्षात घसरण थोडी आधीच सुरू होते. कॅमेरा जेपेग बनवताना उजळ भाग एकदम तुटू नये म्हणून वरचे आकडे जरा दाबतो. त्यामुळे भांडं भरायच्या आधीच लाल आणि हिरवा एकमेकांच्या जवळ येतात आणि रंग फिका वाटायला लागतो. काही नवे फोन हे दाबणं अशा रीतीने करतात, की झेंडू पिवळा न होता नुसता फिकुटतो. तक्रार निराळी दिसते, मूळ तेच.

भंडारा, गुलाल आणि निळे दिवे

प्रत्येक रंग आपापल्या तऱ्हेने बिघडतो. जेजुरीला सोमवती अमावास्येला उधळला जाणारा भंडारा घ्या. हळदीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा आधीच जवळजवळ असतात, त्यामुळे दोन्ही भांडी थोड्याच फरकाने भरतात. रंग फारसा सरकत नाही, पिवळा पिवळाच राहतो. पण उधळलेल्या भंडाऱ्याचे दाट-विरळ पदर, त्यातून दिसणारी माणसं, सावलीकडची बाजू, हे सगळं त्या आकड्यांमधल्या फरकांत असतं. सगळीकडे २५५ झाल्यावर फरक उरत नाही आणि हवेतला तो लोट कागदाच्या तुकड्यासारखा सपाट होतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालाचं तसं नाही. तिथे लाल आधी भरतं, मागून निळं चढत येतं आणि गडद गुलाल फिकट गुलाबी होतो.

सगळ्यात फसवे असतात ते गणेशोत्सवातले आणि नाटकाच्या रंगमंचावरचे निळे-जांभळे एलईडी. या दिव्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच भांड्यात पडतो. ते ओसंडून वाहतं, बाकीची दोन रिकामीच असतात. कॅमेरा एकूण उजेडाचा अंदाज बांधताना हिरव्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो, निम्म्याहूनही जास्त, कारण आपल्या डोळ्यांनाही हिरवा सर्वांत उजळ वाटतो. निळ्याला जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे निळं भांडं भरून वाहत असलं, तरी कॅमेऱ्याला वाटतं की अंधारच आहे, आणि तो एक्स्पोजर आणखी वाढवतो. गणपतीच्या चेहऱ्यावरची कोरीव रेष त्या निळ्या थरात बुडून जाते.

कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. फोटोत काळपट किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे), हे तो दाखवतो. त्यातला एकरंगी, पांढरा आलेख या बाबतीत भरवशाचा नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती सुरू करून ठेवावी. तिन्हींपैकी एकही उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला, तर तो रंग गेला असं समजावं, मग पांढरा आलेख कितीही शहाण्यासारखा मधोमध बसलेला असो.

मग कमीच एक्स्पोजर ठेवलं तर?

हा सल्ला अर्धा खरा आहे. स्लाइड फिल्मच्या, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगांतलं चित्र उमटतं त्या फिल्मच्या, काळात अनेक फोटोग्राफर मुद्दाम थोडं कमी एक्स्पोजर द्यायचे. कोडाक्रोम ही १९३५ साली आलेली आणि २००९ मध्ये बंद झालेली फिल्म घेऊन फिरणाऱ्यांची ही सवयच होती. थोडं कमी दिलं की रंग गर्द येत. कलर निगेटिव्हचं, म्हणजे उलट्या रंगांत उमटणाऱ्या आणि मग कागदावर छापायच्या फिल्मचं, नेमकं उलटं. तिला थोडा जास्त प्रकाश चालतो, कमी पडला की सावल्या मातकट होतात. जुन्या लोकांचे परस्परविरोधी वाटणारे सल्ले अशा वेगवेगळ्या फिल्मांतून आलेले आहेत. डिजिटल कॅमेरा या बाबतीत स्लाइडच्या जवळचा.

पण कमी करण्यालाही किंमत आहे. पागोळीचे थेंब घड्याळाच्या ठोक्यावर पडत नाहीत, कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये खंड. प्रकाशाचे कणही असेच बेभरवशाने येतात. एखाद्या घरावर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर मोजणीत साधारण १०० चा, म्हणजे एक टक्क्याचा, चढउतार होतो. तो डोळ्यांना जाणवत नाही. पण सरासरी १०० च कण पडले, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. शेजारशेजारच्या घरांची प्रमाणं मग आपापली भरकटतात आणि एकाच रंगाच्या कापडावर हिरवे-जांभळे ठिपके उमटतात. गडद जांभळ्या पैठणीचा मंद उजेडातला फोटो नंतर उजळून बघा: काठाची जर कशीबशी टिकते, पण अंगाच्या जांभळ्यात राखाडी मिसळलेली असते.

फोनमध्ये हे लवकर होतं, कारण घरं फार लहान आणि त्यांची क्षमता कमी. काठही जवळ आणि तळही जवळ.

कॅमेरा स्वतः एक्स्पोजर ठरवतो, तर तो चुकतो का?

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे मुळात माहीत नसतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असेल, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं असेल, या गृहीतकावर प्रकाशमापन उभं आहे. नवे कॅमेरे चेहरे ओळखतात, दृश्याचा प्रकार ओळखतात, तरी पाया हाच.

काळ्या पाषाणाची मूर्ती घ्या. चौकटीचा बराच भाग काळा. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, तो काळ्याला राखाडी करायला बघतो आणि दोन-दोन स्टॉप वाढवून ठेवतो. दगड राखाडी होतो, आणि त्याच मूर्तीच्या गळ्यातल्या झेंडूच्या माळेचं वर मांडलेलं सगळं गणित घडतं. कपाळावरच्या कुंकवाचं लाल भांडं भरतं, बाकी दोन जवळपास रिकामी, म्हणून तिथे पोत नसलेला डाग. दारावरच्या तोरणाचंही हेच: फुलांवर ऊन, मागे घरातला अंधार, आणि कॅमेरा त्या अंधाराच्या बाजूने कौल देतो.

वारीत उलटं होतं. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर आषाढाचं पांढुरकं आभाळ. कॅमेरा या सगळ्या पांढऱ्याला राखाडीकडे खाली ओढतो आणि भगवी पताका विटकरी, मळकट होते. तिथे पाऊण-एक स्टॉप वाढवायला हवा. काळं दृश्य असेल तर कमी करा, पांढरं असेल तर वाढवा. सुरुवातीला हे उफराटं वाटतं, पण कारण कळल्यावर विसरता येत नाही.

माणसाच्या कातडीचा रंग

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. सावळ्या त्वचेतही लाल जास्त, हिरवा त्याहून कमी, निळा आणखी कमी असतो. समजा ९०, ५०, ३२. दोन स्टॉप चढवले की लाल ३६० ऐवजी २५५ ला अडकतो, हिरवा २००, निळा १२८. लाल हिरव्याच्या जवळजवळ दुप्पट होता, तो आता सव्वापटीवर आला. चेहरा उजळला खरा, पण गालावरचा तांबूसपणा, कपाळावरची चमक, नाकाच्या कडेची सावली, सगळं पिवळट पांढऱ्या थरात गेलं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला 'गोरी' दाखवायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तो सर्रास वापरला जातो. हळदीच्या कार्यक्रमात तर हळदीने लाल-हिरवा आधीच वर गेलेला असतो. त्यावर आणखी एक स्टॉप म्हणजे चेहऱ्याचे नाक-डोळे सोडले तर काही उरत नाही. ती मुलगी जशी आहे, तशी त्या फोटोत कुठेच नसते. मला हे फार खटकतं.

याला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून छपाईच्या लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली' नावाने ओळखली जाणारी नमुनाकार्डं असत. त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. यंत्रं तिच्या त्वचेवर जुळवली जात आणि गडद त्वचेचे लोक त्याच यंत्रातून काळपट, तपशील हरवलेले बाहेर पडत. कार्डांवर वेगवेगळ्या वर्णांची माणसं यायला बराच काळ जावा लागला. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर गडद त्वचेचं एक्स्पोजर आणि रंग नीट यावेत यासाठी 'रिअल टोन' आणलं, ते याच जुन्या दोषावरचं काम. सावळ्या चेहऱ्याला पुरेसा प्रकाश हवाच, पण तो चेहऱ्यावर टाकावा. कॅमेऱ्यातून चढवलेला आकडा त्याची भरपाई करत नाही.

हे व्हाइट बॅलन्सने सुधारत नाही का?

व्हाइट बॅलन्स भांड्यांतलं पाणी मोजून झाल्यावर काम करतो. दिव्याच्या पिवळेपणाचा हिशेब काढून टाकण्यासाठी तो प्रत्येक आकड्याला वेगळ्या पटीने गुणतो. वाहून गेलेलं पाणी काही तो परत आणत नाही. उलट, भरलेल्या आकड्यांना वेगवेगळ्या पटीने गुणल्यावर कधीकधी नवाच रंग उपटतो. पांढऱ्या ढगाच्या कडेला अचानक गुलाबी झाक दिसते, ती अशीच: हिरवा काठाला अडकलेला, लाल-निळे गुणाकाराने वर गेलेले.

रॉमध्ये काढलं तर?

रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेले मूळ आकडे, कॅमेऱ्याने शिजवण्याआधीचे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, रॉमध्ये १२ बिट असेल तर ४,०९६ आणि १४ बिट असेल तर १६,३८४. त्यामुळे जेपेगने दाबलेलं बरंच काही रॉमधून परत मिळतं. एकच भांडं भरलं असेल, तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोघांवरून अंदाज बांधतं आणि तो पुष्कळदा पटण्याजोगा असतो. पण तो अंदाजच. तिन्ही भरली असतील तर रॉमध्येही फक्त पांढरं आहे.

फोनचा एचडीआर वेगळ्या वाटेने जातो. तो एकामागून एक अनेक फोटो पटापट घेऊन जोडतो, बऱ्याचदा त्यातले काही मुद्दाम कमी एक्स्पोजरचे. झेंडू त्या कमीच्या फोटोतून येतो, मागचा अंधार जास्तीच्या फोटोतून. हे काम खरोखर कौतुकाचं आहे. तरी उन्हातल्या फुलावर बोट ठेवून पट्टी जराशी खाली ओढली, तर त्या जोडणीला सुरुवातच चांगली मिळते.

डोळ्यांना दिसलं नाही, ते फोटोत कसं?

ही शंका चांदण्यातल्या फोटोंवर नेहमी येते. पौर्णिमेच्या रात्री गडावर स्टँड लावून अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ ८००, वीस सेकंद असा फोटो घेतला, तर आभाळ निळं आणि गवत हिरवं येतं. बघणारे म्हणतात, हा दिवसाचा फोटो आहे. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, साधारण चार लाख पट मंद. रंग त्यात असतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी आहेत, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंड पेशींना रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. डोळा वीस सेकंद प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. भांडी ठेवून बसणं कॅमेऱ्याला जमतं.

१० आणि ११ मे २०२४ च्या दरम्यानच्या रात्री मोठं सौरवादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल आभाळ टिपलं. ते फोटो देशभर फिरले आणि 'हे रंगवलेलं आहे' अशा प्रतिक्रियाही आल्या. तो लाल रंग दोनशे किलोमीटरहून उंचावर या वादळाने चमकू लागलेल्या ऑक्सिजनचा, ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा. इतक्या मंद उजेडात आपल्या दंड पेशी नेमक्या याच रंगाला दाद देत नाहीत. त्यामुळे त्या रात्री हानलेच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाला आभाळ राखाडी वाटलं असतं, आणि शेजारी शटर उघडं ठेवून बसलेल्या कॅमेऱ्याच्या लाल भांड्यात मात्र प्रकाश जमा होत राहिला असता.